झाकलेली नळी

पहाटे ५:३०

डिसेंबरची ९ तारीख, सोमवार. देवरी तालुक्यात या दिवसांत पहाटेची थंडी हाडांत शिरते. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झाल्यात आणि त्यांत टाकलेली लाखोरी हिरवी दिसायला लागलीय. सासूबाईंनी काल संध्याकाळी चण्याची भाजी खुडून आणली होती. त्यांची पद्धत जुनी: भरपूर पाण्यात भाजी उकळायची, घट्ट पिळायची, पाणी अंगणात फेकायचं आणि मग फोडणी द्यायची.

"आई, आज मी टाकते भाजी," म्हणून मी पातेलं घेतलं. भाजी धुऊन चिरली, लसूण-मिरचीच्या फोडणीवर टाकली, झाकण ठेवलं आणि पाच-सात मिनिटांत उतरवली.

"कच्ची राहिली असंल," त्या म्हणाल्या.

"नाही राहिली. आणि पाणी फेकलं असतं तर त्यातलं कामाचं तेच गेलं असतं."

फोलिक अॅसिडचं नावच पानावरून पडलंय. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान. 1941 साली अमेरिकेत संशोधकांनी चार टन पालकातून हे सत्त्व वेगळं काढलं आणि त्याला हे नाव दिलं. ते पाण्यात विरघळतं आणि फार उकळलं की नासतं. अंगणातल्या त्या हिरव्या पाण्याकडे मी गेली अकरा वर्षं त्याच नजरेनं बघते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. लोक मला लॅबवाल्या मॅडम म्हणतात.

८:४५

केंद्र रायपूरच्या महामार्गापासून बरंच आत आहे. कुलूप काढलं की आधी सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढायचं, लेन्स पुसायच्या, लेशमन स्टेनची बाटली हलवून बघायची. आरोग्यसेवकानं शनिवारी आणलेल्या तापाच्या रक्ताच्या काचा ट्रेमध्ये पडून होत्या. हा भाग जंगलाचा असल्यामुळे मलेरिया पावसाळा संपला तरी डोकं वर काढतो. सहा काचा बघितल्या, सगळ्या निघाल्या निर्मळ. एखादी दूषित निघाली असती तर डॉक्टरांना फोन करून ते आधी सांगावं लागलं असतं, कारण फॅल्सिपॅरमच्या मलेरियात आर्टेसुनेटसोबत दिलं जाणारं औषध परजीवीचं फोलेट अडवूनच काम करतं. त्या दिवसांत फोलिक अॅसिडची जास्त मात्रेची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

९:३०

दर महिन्याची ९ तारीख गरोदर बायांची. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस ठरलेला आहे. व्हरांड्यात बाकं भरली. कुणी गोंडीत बोलतंय, कुणी छत्तीसगढीत, कुणी आपल्या झाडीबोलीत. आशाताई प्रत्येकीच्या हातातली पिशवी उघडून गोळ्यांची पट्टी बघतात.

लाल गोळी म्हणजे लोह 60 मिलिग्रॅम आणि फोलिक अॅसिड 500 मायक्रोग्रॅम. चौथा महिना लागला की रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फोलिक अॅसिड. रजिस्टरमध्ये 'गोळ्या दिल्या' हा रकाना कधी रिकामा नसतो. माझं काम तिथून पुढचं. समोरच्या बाईचं हिमोग्लोबिन (एचबी) गेल्या महिन्यात 9.1 होतं आणि आज 9.0 आहे, तर दिलेल्या तीस गोळ्या गेल्या कुठे?

"खाल्ल्या का गं सगळ्या?"

"खाल्ल्या जी मॅडम."

"संडासला काळं होतं का?"

ती खाली बघून हसली. काळं होत नव्हतं. "खाल्ली का मळमळते जी. मंग धान चुराले जाता येत नाई."

तिच्यावर रागवून काय होणार? मळणीचे दिवस आहेत, हाताला रोज मिळतोय, आणि उपाशीपोटी गोळी घेतली तर मळमळणारच. सिस्टरनं तिला रात्री जेवण झाल्यावर, झोपताना घ्यायला सांगितलं. चहासोबत नको, लिंबू पिळलेल्या वरणासोबत चांगली. पुढच्या महिन्यात एचबी पुन्हा बघू. अशा बाईला फोलेटची महागडी तपासणी सांगणं म्हणजे तिचं नुकसानच. तिची कमतरता रक्तात शोधायची गरज नाही, ती पिशवीतल्या भरलेल्या पट्टीतच दिसते.

एक नवी नवरी आली होती, दीड महिना चढलेली. तिला गोळी आजपासून सुरू. दिली, पण दरवेळी मनात तीच रुखरुख राहते. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत बंद होते. पाळी चुकली हे बाईच्या लक्षात येईपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त दिवस गेलेले असतात. आपल्याकडे ती केंद्रात येते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. गोळी लग्नानंतर, मूल हवं असं ठरलं की तेव्हाच सुरू व्हायला हवी, हे मी सासवांना सांगते, कारण सुनांना सांगून पुष्कळदा उपयोग होत नाही.

११:००

मग ती आली. सतरा वर्षांची, बारावीला असलेली, लाल कार्डवाली. सिकलसेलच्या तपासणीनंतर आपल्याकडे कार्ड मिळतं: वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. विदर्भातल्या या पट्ट्यात सिकलसेल कुणाला नवीन नाही. पंतप्रधानांनी 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, 2047 पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट ठेवलं. इथल्या घरांना मात्र तो कित्येक पिढ्यांपासून माहीत आहे. त्याला नाव नव्हतं एवढंच. 'अंग दुखून दुखून पोरगं गेलं' असं म्हणायचे.

निरोगी माणसाची लाल पेशी 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. मग हाडांतल्या मगजाला रात्रंदिवस नव्या पेशी घडवाव्या लागतात, आणि पेशी घडवायला फोलेट लागतं. ज्याच्या घराला आग लागली आहे त्याच्या विहिरीचं पाणी लवकर सरणारच. म्हणून अशा रुग्णांना रोज 5 मिलिग्रॅमची फोलिक अॅसिडची गोळी असते. पिवळी, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी.

दिवाळीआधी तिचं एचबी 8.4 होतं. आज 6.9.

"थकवा लागते. सायकल चालवली का दम लागते," ती म्हणाली. आई शेजारी उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत.

दोन वर्षांपासून तिला हायड्रॉक्सियुरिया चालू आहे. ती कॅप्सूल ती एकही दिवस चुकवत नाही, कारण तिच्यामुळे दुखणं कमी झालं हे तिनं स्वतः अनुभवलंय. आणि पिवळी गोळी?

ती गप्प. आईच म्हणाली, "दिवाळीत संपली होती जी. मंग म्हटलं मोठी कॅप्सूल तर चालूच आहे. ते बारकीशी गोळी, ते का करते?"

एवढ्यावरून निदान होत नाही. एचबी पडायला दुसरी कारणंही असतात. एखाद्या विषाणूनं मगज काही दिवस बंद पाडला असेल, तापातून उठल्यावर असं होतं. प्लीहा फुगून रक्त तिथं अडकलं असेल. लोहाचीही भानगड असू शकते. आणि इथं खरी अडचण आहे ती सांगते. फोलेट कमी झालं की लाल पेशी आकारानं मोठ्या होतात, सीबीसीच्या कागदावर एमसीव्हीचा आकडा शंभराच्या वर जातो, हे पुस्तकातलं ठळक लक्षण. पण हायड्रॉक्सियुरियानंही पेशी मोठ्या होतात. तिचा एमसीव्ही 108 आला. तो औषधानं की फोलेटच्या कमतरतेनं, हे मशीन सांगू शकत नाही. अशाच वेळी रक्तातलं फोलेट मोजायला हवं, सोबत बी-12 ही, आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या पेशींची मोजणी. डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर तिन्ही तपासण्या लिहिल्या.

रक्त तपासावं लागेल म्हणून आशाताईंनी तिला काल रात्रीच निरोप दिला होता की उपाशी ये, पण पाणी पोटभर पी. उपाशी यासाठी की सकाळी खाल्लेल्या भाजी-डाळीचं फोलेट लगेच रक्तात दिसतं आणि आकडा खोटा वाढतो. पाणी यासाठी की अंगातलं पाणी कमी झालं की सिकलच्या पेशी आणखी वाकतात.

तिच्या शिरा बारीक, वर्षानुवर्षं सुया टोचून कडक झालेल्या. मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून ऊब दिली. पट्टा हलका बांधला, मूठ आवळू नको म्हटलं, बारीक सुई घेतली आणि रक्त आपल्या चालीनं येऊ दिलं. जोरात ओढलं की पेशी नळीत फुटतात. लाल पेशीच्या आत सीरमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त फोलेट असतं. थोड्या पेशी जरी फुटल्या तरी ते बाहेर सांडतं आणि उपाशी रक्त भरल्या पोटाचं सोंग घेतं. तिच्या पेशी तशाही फुटायला टपलेल्या.

नळी भरली. ती उजेडात ठेवायची नाही. फोलेट प्रकाशानं खराब होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये घरून आणलेली चांदीसारखी फॉइल असते, डबा बांधायची. तिचा तुकडा नळीभोवती दोनदा गुंडाळला, वरून नाव-वेळ लिहिलेली चिकटपट्टी लावली.

हे मी शिकले ते चुकीतून. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईची नळी खिडकीपाशी उन्हात राहिली, माझ्याच हातून. आकडा आला तो तिच्या तब्येतीशी जुळेना. पुन्हा सुई टोचावी लागली. तिनं काही म्हटलं नाही, फक्त दुसरा हात पुढे केला. तो हात मला आजही दिसतो.

नमुना घेऊन झाला आणि लगेच, रिपोर्टची वाट न बघता, मॅडमनी पिवळ्या गोळ्यांची पट्टी मुलीच्या हातात दिली. पहिली गोळी तिनं तिथंच घेतली. बी-12 कमी आहे की नाही ते रिपोर्टनंतर बघायचं, पण हिला थांबवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

१२:१५

तिच्याच रक्ताचा एक थेंब काचेवर. दुसरी काच तिरकी धरून एका दमात पुढे सारायची. हात थांबला की थर जाड होतो. वाळल्यावर लेशमन स्टेन ओतला, दोन मिनिटं थांबले, मग दुप्पट बफरचं पाणी घालून आठ मिनिटं. पाण्यावर तांब्यासारखी चकाकी येते तेव्हा रंग धरला असं समजावं. धुतलं, वाळवलं, वर तेलाचा थेंब.

विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्याच. त्यांच्यात मोठ्या, अंडाकृती पेशी. मग पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिलच्या पोटात जांभळ्या पाकळ्या असतात, बारीक धाग्यानं जोडलेल्या. बहुतेकांत तीन-चार. शंभर पेशी मोजताना पाचपेक्षा जास्त पेशींत पाच पाकळ्या दिसल्या, किंवा एकीतही सहा, तर फोलेट किंवा बी-12 कडे बघावं असा नियम आहे. मला सहा पाकळ्यांची एक मिळाली. मी ती तीनदा मोजली, लेन्स वर-खाली करून, एक पाकळी दुसरीमागे लपलीय का ते बघत. सहाच. पण हायड्रॉक्सियुरियानंही अशा पाकळ्या वाढू शकतात, म्हणून मी रजिस्टरमध्ये जे दिसलं तेच लिहिलं, निष्कर्ष लिहिला नाही.

१:३०

डबा उघडला. चण्याची भाजी, भात, वरण. डॉक्टर मॅडम जेवताना म्हणाल्या, "दिवाळीपासून सव्वा महिना झाला. एवढ्यात इतकं खाली जाईल का गं?"

मी त्यांना व्हिक्टर हर्बर्टची गोष्ट सांगितली. हा अमेरिकन डॉक्टर. 1961 च्या सुमारास त्यानं स्वतःवरच प्रयोग केला. तीन-तीनदा उकळून पाणी फेकलेलं अन्न खाऊन राहिला, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या भाजीच्याही पुढचं. साधारण तीन आठवड्यांत त्याच्या सीरममधलं फोलेट घसरलं. सातव्या आठवड्याच्या सुमारास न्यूट्रोफिलच्या पाकळ्या वाढल्या. एचबी मात्र साडेचार महिन्यांनी पडलं. म्हणजे धडधाकट माणसात एचबी हे सगळ्यात शेवटी बोलणारं लक्षण. आपण केंद्रात रोज मोजतो ते तेच. सिकलसेलच्या मुलीकडे साडेचार महिन्यांची पुंजी नसते.

मॅडमनी हर्बर्टच्या आधीची गोष्ट सांगितली, ती तर आपल्या मुंबईतली. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडून मरत होत्या, लोहानं फरक पडत नव्हता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिनं यीस्टच्या अर्कानं त्या बाया बऱ्या होताना पाहिल्या आणि 1931 मध्ये ते छापलं. त्या अर्कात काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे ते फोलिक अॅसिड निघालं. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या गटाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे. त्यांचा भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजारानं गेला होता, आणि त्याच आजारावर पुढे हे औषध चाललं.

परळ ते देवरी. आमच्या रजिस्टरमधली प्रत्येक लाल गोळी त्या गिरणीवाल्या बायांपासून निघाली आहे.

२:१५

नमुने न्यायला मोटारसायकलवाला भाऊ आला. सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं काढलं होतं. पिवळं, त्यात गुलाबी छटा नाही हे खिडकीकडे पाठ करून तपासलं. तिची कावीळ थोडी आहेच, त्यामुळे पिवळा रंग गडद. फॉइल पुन्हा गुंडाळली, बर्फाच्या पिशव्यांमध्ये डबा बंद केला. फोलेटची तपासणी आमच्याकडे होत नाही, पुढे जाते. बाहेर पैसे देऊन करायची म्हटली तर मजुराची दोन-तीन दिवसांची कमाई जाते. म्हणूनच कुणाला सांगायची आणि कुणाला नाही हे नीट ठरवावं लागतं. सरसकट सगळ्यांना सुई टोचण्याच्या मी विरोधात आहे. पण सिकलसेलचे रुग्ण, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणारे, सतत दारू पिणारे, जुनाट जुलाब असलेले, आणि गोळ्या नीट घेऊनही एचबी न चढणारी गरोदर बाई, यांची तपासणी तालुक्याच्या पातळीवर तरी फुकट आणि वेळेत व्हायला हवी. हे मी प्रत्येक मासिक बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

३:३०

आशाताईंसोबत गावात. आश्रमशाळेच्या पटांगणात मुलींना निळी गोळी वाटणं चाललं होतं, आठवड्यातून एकदा, सोमवारी, जेवणानंतर, शिक्षिकेच्या डोळ्यांदेखत. घोटभर पाणी, जीभ दाखव, पुढची. ती रांग बघून मला बरं वाटतं.

पुढच्या टोल्यावर एक घर. या घरातल्या सुनेचं पहिलं बाळ मागच्या वर्षी पाठीच्या कण्यावर उघडी गाठ घेऊन जन्मलं आणि चार दिवसांत गेलं. शेजारणी अजून ग्रहणाचं बोलतात. सून दारात उभी होती, काही न बोलता पाट टाकला.

"पुढचं कधी?" आशाताईंनी हळूच विचारलं.

"फागुनानंतर म्हणतात हे."

तिची फोलेटची तपासणी करायची नाही, सरळ गोळी सुरू करायची. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जिचं आधीचं बाळ असं झालं होतं तिला गर्भ राहण्याआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फोलिक अॅसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी कमी झाला. रोजच्या लाल गोळीच्या आठपट हा डोस. मॅडमची चिठ्ठी आशाताईंनी तिला दिली. मी फक्त एवढं म्हटलं, "ग्रहणानं नाही झालं बाई. तुझ्या हातून काही चुकलं नाही."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही बसून राहिलो. मग चहा घेऊन आली.

५:४०

केंद्रात परतले तेव्हा फोनवर आधी पाठवलेल्या एका नमुन्याचा रिपोर्ट आला होता. सहा महिन्यांच्या गरोदर बाईचा, जिनं खरोखर एकही गोळी चुकवली नव्हती आणि तरी एचबी हलत नव्हतं. मॅडमना फोलेट कमी वाटत होतं, म्हणून त्याची जास्त मात्रेची गोळी सुरू करायचा विचार होता. फोलेट निघालं 14, म्हणजे उत्तम, कारण 3-4 च्या खाली गेलं की कमी म्हणतात. बी-12 निघालं 118, आणि ते 200 च्या वर हवं.

मी ताबडतोब मॅडमना फोन लावला. बी-12 कमी असताना नुसतं फोलिक अॅसिड वाढवलं की रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

"तिच्या पायांना मुंग्या येतात का, विचारलं होतं आपण?" मॅडमनी विचारलं.

विचारलं नव्हतं. मी आशाताईंना फोन केला, त्यांनी तिच्या घरून परत फोन केला. येतात, दोन महिन्यांपासून. तिला वाटलं गरोदरपणातलंच असेल. उद्या सकाळी इंजेक्शनसाठी यायला सांगितलं.

६:३०

काचा धुतल्या, सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलं. सिकलसेलच्या त्या मुलीचा रिपोर्ट गुरुवारपर्यंत येईल. आशाताई रोज संध्याकाळी तिच्या घरावरून जातात, पट्टीतल्या रिकाम्या खोबण्या मोजतील.

फॉइलचा उरलेला तुकडा चुरगळला होता. टेबलावर ठेवून अंगठ्यानं नीट सपाट केला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या एक फिटच्या गोळ्या घेणारा माणूस यायचा आहे.